शेतावरचें 'औषध'

मराठी भाषेच्या शुद्धतेची काळजी वाहणारांची महाराष्ट्रांत कधींच वाण पडली नाहीं. परकी शब्द कोठून शिरला, अमक्या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व असावी कीं दीर्घ, यावर आमच्या मासिकांतून पिढ्यानपिढ्या रणें माजलीं आहेत. परंतु ज्या एका शब्दाच्या अपप्रयोगानें माणसें मरतात, त्याकडे या शुद्धिवाद्यांपैकीं कोणाचें लक्ष गेल्याचें आम्हांस दिसत नाहीं. तो शब्द परकी नाहीं, अशुद्धही नाहीं. चांगला संस्कृतोत्पन्न, सोवळा शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'औषध'. वऱ्हाडांत काय किंवा नाशिकच्या द्राक्षबागांत काय, शेतकरी कीटकनाशकास औषध म्हणतो. तो दुकानांतून औषध आणतो, औषधाचा पंप पाठीवर घेतो, पिकावर औषध मारतो. आणि कर्जानें गांजून एखाद्यानें जीव दिला तर गांवकरी सांगतात कीं त्यानें औषध घेतलें. हें शेवटचें वाक्य वाचून ज्याच्या अंगावर कांटा येत नाहीं त्यानें तें पुन्हां एकदां वाचावें.

हा शब्द प्रथम कोणीं वापरला याचा शोध घेण्याचें आम्हांस प्रयोजन वाटत नाहीं. तो कोणाच्या सोयीचा आहे एवढें पाहिलें म्हणजे पुरे. विष विकणारास तो सोयीचा आहे, कारण औषधास गिऱ्हाईक भीत नाहीं. सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यास सोयीचा आहे, कारण औषध सुचविणारा वैद्य ठरतो. आणि आम्हां शहरांतल्या पांढरपेशांस तर तो फारच सोयीचा आहे; कारण 'औषधानें' माणूस मेला म्हणजे दोष औषधाचा नसून घेणाराच्या अडाणीपणाचा, असें म्हणून वर्तमानपत्राचें पान उलटतां येतें.

या वादाचा निकाल शेवटीं रसायनशास्त्रानेंच द्यावयाचा असल्यामुळें हें द्रव्य शरीरांत करतें तरी काय, तें आधीं पाहूं. आपण हात उचलतों तेव्हां मेंदूंतून निघालेली आज्ञा मज्जातंतूच्या टोंकापर्यंत येते. तेथें तंतु संपतो आणि स्नायु किंचित् अंतरावर पलीकडे असतो. ही फट इतकी सूक्ष्म कीं साध्या सूक्ष्मदर्शकानेंही ती दिसावयाची नाहीं. ती ओलांडण्यासाठीं तंतूच्या टोंकांतून असेटिलकोलीन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें, पलीकडे पोंचतें, आणि स्नायु आकुंचन पावतो. निरोप पोंचला, आतां निरोप्यानें तेथून नाहींसें झालें पाहिजे. तो तेथेंच उभा राहिला तर स्नायूस तीच आज्ञा पुन्हां पुन्हां मिळत राहील. त्यास नाहींसें करण्याचें काम एका एन्झाइमकडे, म्हणजे ज्याला हल्लीं मराठींत विकर म्हणतात त्याकडे, सोंपविलेलें आहे. त्याचें नांव असेटिलकोलिनेस्टरेज. नांव उच्चारावयास जितका वेळ लागतो तेवढ्यांत त्याचा एकेक रेणु हजारों निरोप्यांचे तुकडे करून टाकतो: कोलीन एकीकडे आणि असेटिक आम्ल, म्हणजे आपल्या शिरक्यांतलेंच आम्ल, दुसरीकडे.

१९९१ सालीं इस्रायलमधील वाइझमान संस्थेंतल्या संशोधकांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें या विकराची रचना उलगडली. तेव्हां असें दिसलें कीं त्याचें कार्यस्थान एका खोल आणि अरुंद घळीच्या तळाशीं आहे. तेथें सेरीन नांवाच्या अमिनो आम्लाचा जणूं एक हात पुढें आलेला असतो. असेटिलकोलीन घळींत उतरलें कीं हा हात त्याचा असेटिल भाग क्षणभर धरतो, आणि पाण्याचा रेणु येऊन तो लागलाच सोडवितो. हात पुन्हां मोकळा. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गांतील विष त्याच घळींत उतरतें आणि त्याच हाताशीं फॉस्फरसचा अणु जखडून टाकतें. ही गांठ सोडविणें पाण्यास जवळजवळ अशक्य होतें. सुटलीच तर तास किंवा दिवस लागतात. कांहीं काळानें त्या गांठींतला एक गट गळून पडतो आणि मग ती कायमची होते. शास्त्रज्ञ याला विकराचें वार्धक्य म्हणतात. त्यानंतर शरीर नवें विकर तयार करीपर्यंत वाट पाहण्यावांचून गति नाहीं. कार्बामेट वर्गांतलीं द्रव्येंही हीच जागा अडवितात. त्यांची गांठ मात्र कांहीं तासांत आपोआप सुटते.

हात जखडला गेला म्हणजे निरोपे सांचत जातात. डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, लाळ, अश्रु, घाम यांचा पूर लोटतो, वांत्या आणि जुलाब होतात, नाडी मंदावते, छाती पाण्यानें भरून येते. स्नायु प्रथम कातडीखालीं फडफडतात आणि मग लुळे पडतात, आणि श्वासाचे स्नायु लुळे पडले म्हणजे सर्व संपतें. किडीच्या मज्जासंस्थेंतही हेंच द्रव्य आणि याच जातीचें विकर आहे, म्हणून कीड मरते. तेव्हां हें विष कीड आणि माणूस असा भेद करीत नाहीं. भेद असतो तो वजनाचा, आणि कांहीं द्रव्यांच्या बाबतींत यकृताच्या कर्तबगारीचा. मॅलॅथिऑन हें मनुष्याच्या शरीरांत विषारी रूप धारण करण्याआधींच बहुतांशीं मोडून पडतें, म्हणून तें सौम्य गणलें जातें. (तें 'सौम्य' द्रव्यही १९७६ सालीं पाकिस्तानांतल्या हिंवतापनिर्मूलनाच्या कामावर कसें उलटलें तें प्रसिद्ध आहे, साठवणींत तयार झालेल्या भेसळीमुळें सुमारें २,८०० फवारणी कामगारांस विषबाधा झाली व पांच मेले.) मोनोक्रोटोफॉसला तर अशा रूपांतराचीही गरज लागत नाहीं. तें पाण्यांत सहज मिसळतें, कातडींतून आंत शिरतें आणि आहे त्या रूपांतच मारतें.

या विषांचें कुलवृत्त मनोरंजक आहे आणि या वादास उपयोगीही आहे. हल्लींच्या नायजेरियांतील कालाबार प्रदेशांत पूर्वीं संशयितास दिव्य करावें लागे. आपल्याकडे तापलेल्या तेलांत हात घालून रवा काढावयास लावीत, तसें तेथें एका वेलीचें बी वाटून पाजीत. ओकून वांचला तो निर्दोष, मेला तो गुन्हेगार. १८५५ सालीं एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनीं तें बी स्वतः खाऊन पाहिलें, आणि वेळेवर ओकारी काढल्यामुळें ते वांचले. प्राध्यापकांचें धाडस पूर्वीं अशा प्रकारचें असे. १८६४ सालीं त्या बियांतून फायसोस्टिग्मीन वेगळें काढण्यांत आलें, आणि तें या विकरास अडविणारें पहिलें शुद्ध द्रव्य होय. पुढें १९२१ सालीं ओटो लोव्ही यांनीं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतु रासायनिक द्रव्याच्या द्वारें निरोप देतात हें सिद्ध केलें. त्याबद्दल त्यांस आणि हेन्री डेल यांस १९३६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तो समारंभ डिसेंबरांत झाला. त्याच महिन्यांत जर्मनींतील आय. जी. फार्बेन या कंपनींत गेर्हार्ड श्राडर हे रसायनज्ञ पिकांवरील किडींसाठीं एक नवें द्रव्य तयार करीत होते. पुढल्या महिन्यांत त्या द्रव्याच्या वाफेनें त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित झाल्या व श्वास कोंडूं लागला. तें द्रव्य म्हणजे ताबून. १९३८ सालीं त्याच कंपनींतून सारिन निघालें. आणि त्याच वर्षीं नात्सींनीं लोव्ही यांस तुरुंगांत घालून त्यांच्या नोबेलची रक्कम हिसकावून घेतली. विद्येचा आणि तिच्या दुरुपयोगाचा असा शेजार इतिहासांत फार ठिकाणीं आढळावयाचा नाहीं.

सारिननें १९९५ सालच्या मार्चमध्यें टोकियोच्या भुयारी आगगाडींत काय केलें तें जगानें पाहिलें. त्या वेळीं आमच्या सुशिक्षितांपैकीं कोणींही त्यास 'औषध' म्हटलें नाहीं. आतां हें लक्षांत घ्यावें कीं श्राडर यांनींच १९४४ सालीं पॅराथिऑन शोधून काढलें, आणि तें आमच्याकडे शेतावर आलें. सारिन आणि पॅराथिऑन हीं एकाच घरचीं भावंडें आहेत. घळ तीच, हात तोच, गांठही तीच. एकानें सैनिकाचा वेष घेतला म्हणून तें विष, आणि दुसरें शेतकऱ्याच्या पाठीवर बसलें म्हणून तें औषध, हा न्याय आम्हांस तरी समजत नाहीं.

१९५८ सालीं केरळांत आणि मद्रास इलाख्यांत शंभराहून अधिक माणसें पॅराथिऑननें मेलीं. त्यांनीं शेतांत पाऊलही ठेवलें नव्हतें. जहाजांत धान्याच्या सान्निध्यांत हें विष ठेवलें होतें, तें सांडलें, पिठांत उतरलें आणि लोकांच्या ताटांत आलें. त्या हत्याकांडानंतर चौकशी झाली आणि दहा वर्षांनीं, १९६८ सालीं, कीटकनाशक कायदा जन्मास आला. २०१३ सालीं बिहारांत सारण जिल्ह्यांतील एका शाळेंत मध्याह्नीचें जेवण जेवून तेवीस मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस होतें. हें द्रव्य बंद करण्याचा विचार करावा असें जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानें २००९ सालींच हिंदुस्थानास सुचविलें होतें. मुलें मेल्यावर बंदीचा आदेश निघावयास आणखी दहा वर्षें लागलीं. २०२३ सालीं तो निघाला, तोही शिल्लक माल खपविण्याची मुभा ठेवून. शिल्लक औषध टाकून कसें द्यावयाचें?

आणि २०१७ सालचें यवतमाळ. त्या वर्षीं कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. फवारणी करणारा मजूर डोक्यापर्यंत झाडांत बुडालेला. नव्या पद्धतीचे पंप तुषार अधिक बारीक उडविणारे. दोन-तीन द्रव्यें एकत्र कालवून मारण्याचा प्रघात. पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत त्या एका जिल्ह्यांत वीसहून अधिक माणसें मेलीं आणि शेंकडों रुग्णालयांत पडलीं. त्यांत सर्वच बाधा या एका वर्गाच्या विषानें झाली असें आम्ही म्हणत नाहीं. इतर वर्गांतलीं द्रव्येंही त्या कालवणांत होतीं, आणि म्हणूनच उपचार करणारांचें काम अवघड झालें. परंतु लागलीच जो सूर निघाला तो ऐकण्यासारखा होता. मजुरांनीं हातमोजे घातले नाहींत, तोंडास फडकें बांधलें नाहीं, वाऱ्याची दिशा पाहिली नाहीं: सारांश, निष्काळजीपणा!

या 'निष्काळजीपणा'चा आम्हांस मनस्वी तिटकारा आहे. भाद्रपद-आश्विनांतल्या उन्हांत आणि दमट हवेंत, वऱ्हाडांतल्या कपाशींत, रबरी मोजे, चष्मा, मुखवटा आणि अंगभर कपडे घालून रोजंदारीच्या माणसानें दिवसभर पाठीवर पंप वाहावा, असें सांगणारानें एक तास तरी तसें करून दाखवावें. ख्रिस्टिसनसाहेबांनीं बी स्वतः खाल्लें होतें. दुसरें असें कीं, माणूस वस्तूशीं वागतो तो तिच्या नांवाप्रमाणें वागतो. ज्याला औषध म्हणून सांगितलें त्याचें माप तो झांकणानें घेतो, काठी नसली तर हातानें ढवळतो, तोटी अडकली तर फुंकून मोकळी करतो, आणि उरलेली बाटली घरीं नेऊन कोनाड्यांत लेंकरांच्या खोकल्याच्या बाटलीशेजारीं ठेवतो. कारण औषधाची जागा तीच. यांत त्याची बुद्धि कोठें कमी पडली? त्यानें शब्दावर विश्वास ठेवला. हाच शेतकरी धोतऱ्याच्या बोंडास हात लावीत नाहीं. त्याला कोणीं पत्रक वाटलें नव्हतें. आजीनें 'विष आहे' एवढेंच सांगितलें होतें.

धोतऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. या विषबाधेवर डॉक्टर जें पहिलें द्रव्य टोंचतात तें अट्रोपीन होय. तें बेलाडोना नांवाच्या वनस्पतींतून काढतात, आणि धोतराही त्याच कुळांतला असून त्यांतही तें सांपडतें. अट्रोपीन निरोप्यास हृदयाच्या आणि ग्रंथींच्या दारांत शिरूं देत नाहीं, म्हणून छातींतलें पाणी आटतें आणि नाडी चालूं लागते. १९५५ च्या सुमारास अमेरिकेंत विल्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रॅलिडॉक्झिम शोधलें. तें जखडलेल्या हातावरची गांठ उपसून काढूं पाहतें, पण विकराचें वार्धक्य येण्यापूर्वीं दिलें तरच. म्हणजे ज्याला आमचा खेडूत विष म्हणतो त्याच्या कुळांत औषध निपजलें, आणि ज्याला औषध म्हणतो तें विष ठरलें.

यावर आमचे कांहीं विद्वान् मित्र चरकाकडे धांव घेतील. तीक्ष्ण विषही युक्तीनें योजिलें असतां उत्तम औषध होतें, असें चरकसंहितेंत सांगितलें आहेच. मग औषध आणि विष हा भेदच खोटा! आम्हांस हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. फायसोस्टिग्मीननें १९३४ सालीं ग्रिनिच येथील मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंनीं मायस्थीनियाच्या रोग्यास, म्हणजे ज्याच्या पापण्याही उचलत नाहींत अशा माणसास, हातपाय हलवावयास लावले. त्याचें भावंड निओस्टिग्मीन हें नागदंशांत अट्रोपीनसह देतात. नागाचें विष स्नायूचें दार अडवितें आणि हें द्रव्य निरोपे वाढवून तें दार ठोठावतें. स्मृतिभ्रंशानें ग्रासलेल्या वृद्धांस डोनेपेझिल देतात तें याच विकरास आवरण्यासाठीं. हें सर्व खरें. परंतु चरकानें 'युक्तीनें' हा शब्द घातला आहे, आणि त्याच ठिकाणीं वाईट रीतीनें योजिलेलें औषधही तीक्ष्ण विष होतें असें बजाविलें आहे. डोनेपेझिलची मात्रा मिलिग्रॅमनें मोजून, रोग्याची नाडी पाहून, एका ज्ञात शरीरांत एका ज्ञात हेतूनें जाते. शेतावरच्या द्रव्याची मात्रा ठरविणार वारा, आणि तें ज्याच्या शरीरांत जातें तो रोगीही नसतो. मिरचीवर आलेल्या माशीच्या नांवानें घेतलेली मात्रा मजुराच्या फुप्फुसांत उतरली, तर त्यास चिकित्सा म्हणण्याइतका चरक भोळा नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक असतो: हीं द्रव्यें नसतील तर पीक येणार नाहीं. सर्वच कीटकनाशकें आजच्या आज समुद्रांत बुडवावीं असें आमचें म्हणणें नाहीं. अत्यंत जहाल तेवढीं काढलीं तर काय होतें याचा अनुभव मात्र शेजारीं, सिंहलद्वीपांत, घेऊन झालेला आहे. श्रीलंकेनें १९९५ सालीं मोनोक्रोटोफॉस व मेथामिडोफॉस हीं बंद केलीं आणि पुढेंही एकामागून एक जहाल द्रव्यें काढून टाकलीं. तेथें आत्महत्यांचें प्रमाण त्यानंतरच्या वीस वर्षांत सुमारें ७० टक्क्यांनीं खालीं आलें. लोकांचीं दुःखें कमी झालीं असें नव्हे. दुःखाच्या क्षणीं हाताशीं असलेली बाटली तितकी मारक राहिली नाहीं, आणि तो क्षण निघून गेल्यावर माणसें जगलीं. या बंदीमुळें भाताचें उत्पन्न बुडाल्याचें अभ्यासकांस आढळलें नाहीं. ज्या राज्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर इतके अहवाल निघाले, त्या आमच्या राज्यांत हा आंकडा घरोघर माहीत असावयास हवा होता.

कायद्याचें म्हणाल तर कायदा या बाबतींत आमच्या भाषेहून प्रामाणिक आहे. १९७१ च्या नियमांप्रमाणें अतिजहाल कीटकनाशकाच्या डब्यावर कवटी आणि हाडांची फुली छापून तांबड्या अक्षरांत 'विष' या अर्थाचा शब्द लिहावाच लागतो. विषबाधेवरचा उतारा काय तेंही द्यावें लागतें. हीं द्रव्यें हाताळणाऱ्या कामगारांच्या वैद्यकीय तपासणीची, त्यांच्या रक्तांतलें कोलिनेस्टरेज मोजण्याचीही तरतूद त्यांत आहे. साधी रक्ताची परीक्षा. विकर किती शिल्लक आहे तें सांगते आणि माणूस कोसळण्यापूर्वीं त्यास कामावरून काढतां येतें. परंतु ती ज्याच्यासाठीं, तो आज या शेतावर तर उद्यां त्या शेतावर पंप घेऊन फिरणारा, कोणाच्याच हजेरीपटावर नसलेला मजूर आहे. फवारणीच्या महिन्यांत तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयांत ही परीक्षा फुकट व्हावी, ही आमची पहिली मागणी. आणि दुसरी, जी फुकटांत होण्यासारखी आहे ती, अशी कीं सरकारी पत्रकें, कृषिविद्यापीठांचीं व्याख्यानें, रेडिओ आणि वर्तमानपत्रें यांनीं या द्रव्यांस 'औषध' म्हणणें आजपासून सोडावें. डब्यावर 'विष' आणि तोंडीं 'औषध' असेल, तर ज्याला डबा वाचतां येत नाहीं तो कोणाचें ऐकणार?

शेतकऱ्यानें म्हटलें तर आम्ही समजूं शकतों. आमच्या वाचकांच्या घरीं मात्र काय बोललें जातें? ढेकणांचें औषध, झुरळांचें औषध, वाळवीचें औषध. त्या ढेकणांच्या औषधांत वर्षानुवर्षें डायक्लोरव्हॉस होतें, जें २०२० च्या अखेरीपासून या देशांत बंद झालें. वाळवीसाठीं भिंतींत ज्या क्लोरपायरिफॉसचीं भोंकें भरतात तेंही याच घराण्यांतलें. सुटीच्या दिवशीं 'औषध मारून घ्यावयाचें आहे' म्हणून आपण माणूस बोलावितों. तो उघड्या हातांनीं, उघड्या तोंडानें कोपऱ्यांकोपऱ्यांतून पंप फिरवितो. मुलांस तेवढा वेळ शेजारीं पाठवितों, आणि त्याला जातांना चहा देतों. त्यानें हात धुतले कीं नाहीं, हें त्या वेळीं आपल्यापैकीं कितीजण पाहतात?